स्वयंचलित यंत्रावरील क्लोराइडचे निकाल ग्राह्य कधी धरावेत?

प्रश्न (सोलापूर): नमस्कार. आमच्या प्रयोगशाळेत उजनीच्या पाण्याबरोबरच अक्कलकोट, मंगळवेढा भागांतील बोअरचे नमुने येतात. आजवर सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन करून (म्हणजे ते ब्युरेट या मापनळीतून थेंबथेंब सोडून), पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा येताच ब्युरेट थांबवून आम्ही क्लोराइड काढत आलो. आता रंगमापनावर, म्हणजे रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढण्यावर, चालणारे स्वयंचलित यंत्र आले आहे. दोन्ही पद्धतींतील सहसंबंध गुणांक (दोन्हींचे आकडे सोबतीने किती कमी-जास्त होतात याचे माप; १ म्हणजे पूर्ण) ०.९९ आला, तर तेवढे पुरे आहे का?

उत्तर १: पुरे नाही. यंत्र प्रत्येक वेळी दहा टक्के कमी दाखवत असले, तरीही सहसंबंध उत्तमच येईल. प्रत्येक नमुन्यातील दोन निकालांचा फरक मांडा आणि तो २५० व १००० मिलिग्रॅम प्रतिलिटर या भारतीय मानकाच्या दोन मर्यादांच्या आसपास आवर्जून तपासा, कारण पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे तिथेच ठरते. शिवाय क्लोराइडची ज्ञात मात्रा शुद्ध पाण्यात नव्हे, बोअरच्याच पाण्यात घालून पाहा: २०० असलेल्या नमुन्यात १०० घातल्यावर यंत्राने २७० दाखवले, तर घातलेल्यापैकी ७० टक्केच हाती लागले आणि दोष त्या पाण्यातील इतर घटकांत शोधावा लागेल.

उत्तर २: गढूळ नमुना गाळूनच लावावा, नाहीतर गढूळपणाच रंग म्हणून मोजला जातो. तीव्र नमुन्यामागोमाग कोरा (क्लोराइड नसलेला) नमुना लावून आधीचा अंश पुढे वाहतो का, हेही पाहावे. यंत्रावर नायट्रेटची तपासणी सुरू कराल तेव्हा ते नायट्रेटऐवजी त्यातील केवळ नायट्रोजनच्या रूपात आकडा देते का, हे आधी तपासा, ४.४३ ने गुणायचे राहिले, तर मर्यादेबाहेरचे पाणी निर्दोष ठरेल.