ब्रॉड स्ट्रीट, १८५४: पंपाचा दांडा काढल्यामुळेच कॉलरा थांबला का?

इतिहासवेडा:
डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि लंडनच्या सोहोतली साथ थांबली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तारखा लावून पाहिल्या की हे पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

पाणवठा:
शंका रास्त आहे. साथ ३१ ऑगस्टच्या रात्री भडकली, दांडा निघाला ८ सप्टेंबरला. तोवर बरेच रहिवासी घरं सोडून गेले होते आणि मृत्यू उतरणीला लागले होते. एकूण ६१६ जण दगावले. माझ्या मते साथ याच पंपाच्या पाण्यातून पसरली, याचा स्नो यांचा भक्कम पुरावा बचावलेल्यांचा आहे. पोलंड स्ट्रीटच्या वर्कहाउसात (गरिबांच्या आश्रयगृहात) ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५, कारण विहीर स्वतःची. जवळच्या ब्रुअरीत सत्तरच्या वर कामगार, एकही गेला नाही. ते बिअरच प्यायचे. उलट, पार हॅम्पस्टेडला एक बाई गेल्या, चव आवडते म्हणून याच पंपाचं पाणी मागवायच्या.

रोजनिशी:
साथीचा उगम शोधणारे तिथले पाद्री रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड यांचं काम विसरू नका. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ आजारी होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलं जाई. पुढे खणून पाहिलं तेव्हा खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या, आणि पंपाची विहीर जेमतेम तीन फुटांवर. बाळाचे वडील आजारी पडले ते नेमके ८ सप्टेंबरला. दांडा जागेवर असता तर दुसरी लाट याच खड्ड्यातून आली असती.