कंपनी बंद होती तेव्हा पगाराचं आणि रजेचं काय झालं? अनुभव सांगा

२०१९ ला गाड्यांची मंदी आली तेव्हा मी नाशिकच्या अंबडला प्रेस शॉपला होतो, दर महिन्याला ब्लॉक क्लोजर, म्हणजे काम नाही म्हणून काही दिवस कंपनी बंद, कधी चार दिवस कधी सहा. सुपरवायझर फॉर्म घेऊन मशीनवरच यायचा, सही कर, पीएल (साठलेली पगारी रजा) टाक, पगार पूर्ण पडेल. केल्या सह्या. दिवाळीला गावी जायला बघतो तर खात्यात दोन रजा. युनियनचे काका म्हणाले, अरे काम त्यांच्याकडे नव्हतं, सुट्टी तू मागितलीस का? लेऑफ, म्हणजे काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं बसवलं असं दाखवलं असतं तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ५० टक्के पगार मिळाला असता आणि रजा शाबूत. तुमचं काय झालं ते लिहा, कंपनीचं नाव नको.

सिन्नरचा वेल्डर: ५० टक्के ऐकून खूश नका होऊ, ते फक्त बेसिक आणि डीएचे (महागाई भत्ता). माझं ते दोन्ही मिळून ११ हजार, बाकी सगळे भत्ते. सहा दिवसांचे आले १२६९ रुपये. त्यात रोज एकदा गेटवर जाऊन हजेरी लावायची, नाही गेलं तर त्या दिवसाचे गेले. नांदूर शिंगोट्याहून ट्रिपल सीट यायचो, पंच करून चहा पिऊन परत 😀

ठेकेदारीवाला: आम्हाला तेही नाही. त्याला वर्षाची नोकरी, म्हणजे २४० दिवस भरले पाहिजेत, आणि ठेकेदार सातव्या महिन्यालाच ब्रेक देतो.

सातपूर: आमच्याकडे ३८ माणसं, ५० च्या खाली लेऑफ भरपाईचं ते कलम लागतच नाही. शेठने स्वतःहून निम्मा दिला, खोटं कशाला बोलू.

कॉलेज रोड: लॉकडाऊनला २९ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश होता, पूर्ण पगार द्या. सरांना दाखवला तर म्हणाले बघू. बघेपर्यंत १८ मेपासून आदेशच गेला, १२ जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं आपसात बोलून मिटवा. मिटवलं, म्हणजे ते बोलले, आम्ही ऐकलं.

टाइम ऑफिसवाला: नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या कारखाना कायद्यात लेऑफचे दिवस रजेसाठी लागणाऱ्या २४० दिवसांमध्ये धरायचे पण त्या दिवसांवर रजा साठायची नाही, २० दिवस कामाला एक रजा हा हिशोब बाकीच्या दिवसांचाच होता. आणि खरं सांगू, पुष्कळ जण स्वतःच पीएल मागायचे, घराचा हप्ता असतो.

अंबड: हप्ता मलाही होता हो. पण विचारलं तरी असतं.