स्थलांतर पुरेसं नाही

इंग्रजी 'इमिग्रेशन'साठी मराठीत 'स्थलांतर' हा शब्द पुरे, हे म्हणणं पटत नाही. स्थलांतर गावातल्या गावातही होतं. त्यात देशाची सीमा ओलांडणं येतंच असं नाही, दिशाही कळत नाही. देश सोडून जाणं म्हणजे उत्प्रवास, दुसऱ्या देशातून येऊन राहणं म्हणजे आप्रवास. माणूस एकच, सोडलेल्या देशाच्या लेखी उत्प्रवासी, नव्या देशाच्या लेखी आप्रवासी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'अप्रवासी'. 'आ'चा 'अ' केला की अर्थ उरतो प्रवास न करणारा!

बोलताना मात्र 'तिकडेच स्थायिक झाले' हेच बरं, उत्प्रवास फार सरकारी वाटतो. नाइलाजाने पांगलेल्यांसाठी फारसीतून आलेला 'परागंदा' आहेच. निर्वासित वेगळा: त्याला हुसकावलेलं असतं. अनिवासी हा तर कायद्यातला दर्जा, त्यात कायमचं जाणं गृहीत नाही.