गेममधला ऑर्केस्ट्रा म्हणजे 'भिंतीचा रंग'? मुळीच नाही

व्हायोलावाली:
परवा इथल्याच चर्चेत पर्वतीकरांनी लिहिलं, की गेमचं संगीत हा भिंतीचा रंग आहे, पोरं गोळ्या झाडण्यात गुंग असतात, आणि त्यातून एक जण तरी बेथोवनपर्यंत पोचल्याचं दाखवा. दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

मी पुण्यात बारा वर्षं व्हायोलिन आणि व्हायोला शिकवते. नव्या मुलाला पहिल्या दिवशी विचारते, हे वाद्य कुठे ऐकलंस? पूर्वी उत्तर यायचं 'सिनेमात'. आता बरीच मुलं गेमचं नाव घेतात. एक नववीतला मुलगा 'गॉड ऑफ वॉर'चे सुरुवातीचे तीन सूर गुणगुणत आला. तेच तीन सूर पुढे कुठे येतात, कुठल्या वाद्यात येतात, सगळं त्याला पाठ. जर्मन संगीतकार वाग्नर त्याच्या ऑपेरांत हेच करतो हे समजवायला एरवी माझे दोन तास गेले असते. त्याला मी फक्त नाव सांगितलं.

आणि हे काही आजचं नाही. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' हा गेम आला, तेव्हा त्याचे संगीतकार कोइची सुगियामा पंचावन्न वर्षांचे होते. तो ज्या यंत्रावर चालायचा त्या फॅमिकॉमच्या चिपमध्ये सूर काढणारे आवाज तीन, बाकी खरखर. तेवढ्यात त्यांनी गेममधल्या राजवाड्यासाठी बरोक, म्हणजे बाखच्या काळातल्या वळणाची रचना बसवली, आणि २० ऑगस्ट १९८७ ला टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हे संगीत खऱ्या वादकांकडून सादर झालं. पुढे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदानेही ते ध्वनिमुद्रित केलं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकला संघांचं संचलन सुरू झालं ते याच गेमच्या सुरुवातीच्या धूनवर. हा भिंतीचा रंग?

पर्वतीकर:
कानावर पडणं वेगळं, ऐकणं वेगळं. तुमच्या गेममध्ये दोन मिनिटांचा तुकडा गोल गोल फिरतो. सिम्फनीत सूर निघतो, हरवतो, परत येतो तेव्हा तो पहिला राहिलेला नसतो. ब्रुकनरची सातवी सिम्फनी तासभर चालते. तो तासभर बसण्याचा धीर कुठला गेम देतो?

मी तीस वर्षं पुण्याहून मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात असले कार्यक्रम ऐकायला जातो. कार्यक्रम संपल्यावर परतीची गाडी नाही म्हणून दादर स्टेशनच्या बाकावर रात्री काढल्यात. सभागृहात आजूबाजूला पांढरी डोकीच दिसतात. गेममुळे एवढी पोरं ऑर्केस्ट्राकडे वळली म्हणता, मग ती आहेत कुठे?

आणि क्लासिक एफएम या ब्रिटिश रेडिओच्या श्रोत्यांनी निवडलेल्या आवडत्या रचनांच्या यादीत २०१३ ला 'फायनल फँटसी' या गेमचं संगीत तिसरं! बेथोवनच्या वर! मोहीम चालवून मतं गोळा केली होती. याला संगीताची आवड म्हणत नाहीत.

रात्रपाळी:
काका, पोरं कुठे आहेत ते मी सांगतो. मी सव्वीस वर्षांचा असताना पहिल्यांदा असल्या कार्यक्रमाला गेलो. सभागृहाचं नाव घेत नाही. सिम्फनीचा पहिला भाग संपला, अंगावर काटा आला, मी टाळ्या वाजवल्या. सगळे भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नसतात हे मला कुठे माहीत! एकट्याने. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, "हा सिनेमा नाही." त्यानंतर चार वर्षं मी तिकडे फिरकलो नाही.

गोल गोल फिरतो म्हणता, तर तो फिरतो कसा ते बघा. लढाई कधी सुरू होणार हे संगीतकाराला माहीत नसतं, ते खेळणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून थर वेगळे लिहितात. आधी नुसती तंतुवाद्यं. शत्रू जवळ आला की त्याच लयीत तालवाद्यं, मग हॉर्न आणि ट्रॉम्बोन. मागे कुणी येतंय हे मी डोळे मिटून सांगायचो. चेलो थांबला की जिवाला घोर लागायचा. हे ऐकणं नाही?

'सिव्हिलायझेशन ४'चा मेनू उघडला की 'बाबा येतू' लागायचं. ख्रिस्तोफर टिनची रचना, स्वाहिलीतली प्रभूची प्रार्थना. २०११ ला तिला ग्रॅमी मिळालं. मला पहिल्यांदा वाटलं मराठीच आहे, 'बाबा, ये तू'. माझे बाबा तेव्हा मस्कतला नोकरीला होते. गेम सुरू न करता मी नुसता मेनू लावून बसायचो. तासभर बसायचा धीर मला तिथेच मिळाला.

पर्वतीकर:
बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हाला ते भावलं ते बाबांमुळे. त्यात वाद्यवृंदाचा काय संबंध?

मडगांवकार:
तुम्हा दोघांनाही एक विचारतो. आपल्याकडे तरुणांना ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा कुणी ऐकवला? जपानने? गोव्याच्या चर्चच्या शाळांत पोरं सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकली, बोटीने मुंबईला गेली आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत बसली. चाल संगीतकाराची, पण वीस व्हायोलिनांनी काय वाजवायचं ते कागदावर मांडणारा अरेंजर बहुधा गोंयकार. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस आमच्या माजोर्ड्याचे, प्यारेलालजींचे गुरू. १९५८ ला त्यांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांच्या नावाचं गाणं अख्ख्या देशाला पाठ आहे. माणूस कुणाला माहीत आहे?

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पंचवीस वर्षं दुसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवत होते. एकाही तबकडीवर नाव नाही.

रात्रपाळी:
दादा, हे सगळं मान्य. पण अवांतर होतंय. माझ्या पिढीने ती गाणी ऐकली ती गायकासाठी. मागे वीस व्हायोलिनं आहेत हे मला गेमनंतर कळलं.

मडगांवकार:
अवांतर? वादकांचा विषय निघाला की नेहमी अवांतर होतो. चाळीस वर्षं स्टुडिओत हेच ऐकलं त्यांनी. तुम्हाला चेलो थांबलेला कळतो, चेलो वाजवणारा कळत नाही. सिंथेसायझर आले, एका माणसाने वीस जणांचं काम घेतलं, आणि आमच्या घरातलं व्हायोलिन कपाटावर गेलं. त्या पेटीवरची धूळ मी पुसली आहे. मला अवांतर म्हणू नका.

व्हायोलावाली:
मडगांवकार, रागावू नका. तुमचा मुद्दा मला माझ्याच वर्गासमोर मांडायचा आहे. पण सिनेमाच्या गाण्यात शब्द असतात, कान शब्दांकडे जातो. गेममध्ये बहुतेक वेळ शब्द नसतात, एकच प्रसंग पोरगं चाळीसदा हरतं, आणि चाळीसदा तीच रचना ऐकतं. रियाज आणखी वेगळा काय असतो? पर्वतीकर, माझ्या क्लासजवळच्या एका शिक्षकांनी गेमची धून वाजवली म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं केलं. त्याने व्हायोलिन सोडलं ते कायमचं. तुमची पांढरी डोकी तिथूनच वाढतात.

पर्वतीकर:
वर्गाबाहेर उभं करणं चूकच. टाळ्यांचं म्हणाल तर मीही एकदा एका मुलीकडे रागाने वळून पाहिलं आहे. ती मध्यंतरानंतर दिसली नाही. हे इथे लिहायला मला आवडत नाही, पण लिहितो.

दोन मिनिटांचा तुकडा म्हणजे सिम्फनी नव्हे, यावर मी ठाम आहे. मात्र चाळीसदा ऐकण्याच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. सुगियामांचं लंडनचं ध्वनिमुद्रण ऐकतो. पुरतं ऐकेन, मगच बोलेन.

रात्रपाळी:
मडगांवकार, 'अवांतर' म्हणालो ते मागे घेतो. तुमच्या आजोबांच्या भावांनी हाताने लिहिलेली काही पानं घरात आहेत का? गेमच्या धुना उतरवता उतरवता मी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, शिकलो, रोज रात्री तेच करतो. फोटो पाठवलेत तर संगणकावर उतरवून वाजवून दाखवीन. नाव वर त्यांचंच राहील.

मडगांवकार:
ट्रंकेत आहेत. अर्धी वाळवीने खाल्ली. दुसऱ्या व्हायोलिनचीच पानं आहेत, मुख्य सूर त्यात मिळणार नाही.

रात्रपाळी:
दुसऱ्या व्हायोलिनचीच पाठवा.