ओईटी रीडिंग : पार्ट सी मध्ये गाडी अडली आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. यूकेच्या नोंदणीसाठी ओईटी (आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) देतेय, रीडिंगला बी ग्रेड म्हणजे 500 पैकी किमान 350 हवेत. सराव पेपरात 42 पैकी 25-26 च्या वर जात नाही.

पार्ट ए (15 मिनिटं, 20 प्रश्न) जमतो, स्पेलिंगपायी एखादा मार्क जातो तेवढाच. पार्ट बी ठीक. घोडं अडतं ते पार्ट सीला : दोन लांबलचक उतारे, 16 प्रश्न. वैद्यकीय शब्दांचा त्रास नाही, ते रोजच्या तोंडातले. अडवतात ते लेखकाचा कल सांगणारे साधे शब्द. परवा एका उताऱ्यात डॉक्टर काहीतरी 'कन्सीड' करतात असं होतं. मी 'ठासून सांगतात' असं धरून चालले, अर्थ होता 'नाइलाजाने मान्य करतात'. उत्तर नेमकं उलटं!

वहीत चारेकशे शब्द मराठी अर्थासह उतरवलेत. पाठ आहेत, पण उताऱ्यात समोर आले की ओळख दाखवत नाहीत. आधी प्रश्न मग उतारा, आधी उतारा मग प्रश्न, दोन्ही करून पाहिलं. बी-सीच्या 45 मिनिटांतली 10 बीला देते, तरी शेवटचे चार प्रश्न ठोकूनच द्यावे लागतात.

परीक्षा सात आठवड्यांवर, नाइट ड्यूटी, हातात रोज जेमतेम तास. क्लास परवडणार नाही. आयईएलटीएस सुचवू नका, फी भरून झालीय.

ज्यांनी सी सुधारला त्यांनी सांगा : असे शब्द वहीऐवजी कसे पक्के केलेत, आणि त्या एका तासात नवा पेपर सोडवू की जुन्याच चुका उकरत बसू?