मांजर नाचवून प्रोग्रॅमिंग येतं का? (मिरजकर कोडर यांना उत्तर)

तासगावची बाई:
काल मिरजकर कोडर यांनी लिहिलं, "हायस्कूलच्या शिक्षकांना पाच दिवस स्क्रॅच शिकवणं म्हणजे भत्ता घेऊन कार्टून बघणं. थेट पायथन शिकवा." रात्रभर डोक्यात घोळलं, म्हणून लिहिते.

मी गणिताची, नोकरी 22 वर्षं. स्क्रॅच म्हणजे पायथनसारखं टाइप न करता ठोकळे ओढून-जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, पडद्यावर एक मांजर असतं. पहिल्या दिवशी त्या मांजराला चालायला लावलं, कडेला लागलं की परत फीर म्हटलं. फिरलं, पण डोकं खाली, पाय वर! आम्ही तिघी अर्धा तास त्यातच. फिरण्याची पद्धत 'डावी-उजवी' करायची राहिली होती, एवढंच. त्याऐवजी लाल अक्षरांत इंग्रजी एरर आली असती, तर आमच्या मराठीच्या सरांनी दुसऱ्या दिवशी रजाच टाकली असती.

आणि नववीची निर्देशक भूमिती! मांजर फिरतं त्या रंगमंचाच्या मधोमध शून्य, उजवीकडे 240, डावीकडे उणे 240. मांजर उणे 200 वर न्या म्हटलं की मागच्या बाकावरचंही पोरगं बरोबर नेतं. फळ्यावर हेच तीन आठवडे कळत नव्हतं.

मिरजकर कोडर:
बाई, राग नको. पण मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेतो. ठोकळे ओढून आलेली पोरं एक सेमीकोलन चुकला की हातपाय गाळतात.

कोरेगाव मास्तर:
पायथनला ओळीच्या शेवटी सेमीकोलन लागत नाही, साहेब. आणि त्याच पायथनमध्ये 'टर्टल' आहे, म्हणजे सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी केलेल्या लोगो भाषेतलं, रेघा काढत चालणारं कासव. लोगो 1967 ची. अ‍ॅलिस 3 या ठोकळ्यांच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं थ्रीडी अ‍ॅनिमेशन नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सेमीकोलनवाल्या जावा भाषेत उघडता येतं. ठोकळ्यापासून सेमीकोलनपर्यंत रस्ता आहे, तुम्ही तो पाहिला नाही.

वाईचे काका:
कासव, मांजर सगळं ठीक. संगणक कक्षाची किल्ली कुणाकडं असते ते सांगा आधी! आमच्या नातवाच्या शाळेत कक्षाला दोन वर्षं कुलूप. शिपाई म्हणतो क्लार्ककडं, क्लार्क म्हणतो सरांकडं.

कोरेगाव मास्तर:
सर मतदार यादी घेऊन दारोदार फिरतायत, काका. मी स्वतः बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा, आहे. प्रशिक्षणातून आलो त्या आठवड्यात एक तास घेतला, मग यादी, मग पोर्टलवर माहिती भरणं. मांजर अजून तिथंच उभं असेल.

वाईचे काका:
म्हणजे किल्ली तुमच्याच खिशात!

कोरेगाव मास्तर:
काका, तोंड सांभाळून बोला. धूळ खाऊन बंद पडलेले चार संगणक मी पदरच्या पैशानं दुरुस्त केलेत.

तासगावची बाई:
किल्लीवर वेगळा धागा काढा ना! माझा मुद्दा राहिला बाजूलाच. पाच दिवस पुरत नाहीत, हे मीही म्हणते. दोन महिन्यांनी कुणीतरी येऊन वर्गात शेजारी उभं राहायला हवं. तसं कुणी आलं नाही.

मिरजकर कोडर:
बरं बाई, सेमीकोलनचं चुकलं. भूमितीचं पटलं, तेवढंच पटलं. दहावीला तरी टाइप करायला लावा. शेजारी उभं राहायला मी येतो, भत्ता नको.

तासगावची बाई:
शनिवारी सकाळची शाळा आहे. या. येताना एक्स्टेंशन बोर्ड आणा, आमच्याकडं दोनच प्लग चालतात.