पणजोबांची ठासणीची बंदूक, नळी फारच रुंद. काय आहे ही नक्की?

वाळपईकर:
मंडळी, गोव्यात सत्तरी तालुक्यातलं आमचं जुनं घर, बाबा गेल्यावर माळा आवरायला काढला तर ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेली पणजोबांची बंदूक निघाली. म्हणजे घरात आहे हे माहीत होतं, बाबांच्या नावावर लायसन पण होतं, पण मी कधी हातात घेतली नव्हती. एकनळी, समोरून ठासायची, केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) लावायची निपल आहे, घोडा ओढला की अजून कट्ट करून अडकतो. नळी मात्र खूपच रुंद, शेजारच्या काकांकडे शेतीच्या लायसनवरची बारा बोअर आहे तिच्यापुढे ही तोफच वाटते. तोंडाशी व्हर्नियरने मोजलं तर २१ मिमीच्या किंचित वर. मागच्या टोकाला बारीक ठसा आहे, लंबगोलात ई एल जी आणि खाली छोटा तारा. घरात सगळे सांगतात की पोर्तुगीजांविरुद्धच्या दिपाजी राण्यांच्या बंडातली आहे. नळीला तांबूस गंज, दस्त्याचं लाकूड सुकून भेगाळलंय. पॉलिश पेपर मारून खोबरेल लावू का?

गंज_नको:
पॉलिश पेपर ठेव बाजूला आणि तो घोडा परत ओढू नको रे बाबा. आधी बंदूक भरलेली आहे का बघ. डुक्कर कुळागरात (पोफळीच्या बागेत) शिरला की ठासत बसायला वेळ कुणाला, म्हणून लोक भरूनच ठेवायचे, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनी पण पेटते. निपलवर केप नाही ना ते बघ, तोंड भिंतीकडे कर, स्वतः बाजूला उभा राहा आणि बारीक लाकडी काठी हळूच आत सोड, ठोकायची नाही. टेकली की तोंडापाशी पेनने खूण कर, मग तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघ. टोक निपलपाशी आलं तर रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, दारू आणि छर्रे असतील नाहीतर कुंभारणीचं घर असेल, पण ते शोधायचं काम तुझं नाही.

पेडणेकर_आजोबा:
ठशावरून सांगतो. ई एल जी म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसचा शिक्का, तिथे नळीत जादा दारू भरून बार काढून तपासायचे आणि टिकली तरच शिक्का मिळायचा. हा कारखान्याचा मार्का नव्हे, त्यामुळे बनवणारा कोण ते त्यावरून कळणार नाही. लिएजचा माल तेव्हा जगभर जायचा, साध्या स्वस्त बंदुका पण आणि भारी पण. बोअरचं म्हणशील तर एक पौंड शिशाच्या सारख्या किती गोळ्या केल्या की एक गोळी नळीत बरोबर बसते, तो आकडा. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअर साधारण १८.५ मिमी, दहा १९.७, आठ २१.२. तुझी आठ बोअरच्या आसपासची दिसते. असल्या रुंद नळ्या मुख्यतः पाणपक्ष्यांसाठी, एका बारात भरपूर छर्रे जातात.
आता मुद्द्याचं. त्या लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट आहे का? भिंग घेऊन बघ. १८९३ पासून मुकुट आला, त्याआधी नुसता लंबगोल.

वाळपईकर:
आजोबा, मुकुट आहे! टूथब्रशने धूळ झाडली तर स्पष्ट दिसला. म्हणजे दिपाजी गेले का हातचे?
आणि गंज_नको, काठी निपलच्या चार बोटं अलीकडेच थांबली. लगेच खोलीला कुलूप लावलंय, पोरं आहेत घरात.

पेडणेकर_आजोबा:
दिपाजींचं बंड १८५२ चं, तेव्हा हा शिक्काच नव्हता. १८९५ ला दादा राण्यांचं झालं, साल तेवढं जुळतं, पण म्हणून बंदूक तिथे होती असं शिक्का सांगत नाही. सत्तरीत ज्याच्या त्याच्या माळ्यावर बंडातलीच बंदूक निघते, मला तर वाटतं बंडापेक्षा बंदुकाच जास्त होत्या 😄

डिचोलीची_वकीलताई:
चार बोटं म्हटल्यावर आता हात लावू नका. पोलिस स्टेशनला फोन करा, बंदूक भरलेली असावी हे स्पष्ट सांगा आणि त्यांनाच घरी बोलवा. स्वतः बसने किंवा डिकीत घालून नेऊ नका.
तसंही लायसनधारक वारला की ती घरात ठेवता येत नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २१ प्रमाणे विनाकारण उशीर न करता पोलिसात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची आणि पावती घ्यायची, पावती सांभाळा, पुढे सगळं त्यावर चालतं. मग वारस म्हणून लायसनसाठी अर्ज, सत्तरी उत्तर गोव्यात येते म्हणजे पणजीला कलेक्टर ऑफिस. शंभर वर्षं झाली म्हणजे अँटिक आणि अँटिकला लायसन नको, हे बरेच जण छातीठोक सांगतात, ऐकू नका. कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही बार निघणार नाही अशा हत्याराला आहे, तुमचा तर घोडा पण चालतो. नळीला भोक पाडून शोपीस करायचा सल्ला पण कोणीतरी देईलच, परवानगीशिवाय तसलं काही करू नका.

गंज_नको:
बरोबर. रिकामी होऊन कायदेशीर परत आली की मग तेलाचं बघू. खोबरेल नको, चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. पॉलिश पेपरने ठसे जातात आणि नळीवरची नक्षी पण, नीट बघ, दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी) असेल तर पट्टे पिळल्यासारख्या रेषा दिसतील. गंज सुटा असेल तेवढाच, पातळ गन ऑइल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, अगदी हलक्या हाताने, तांबूस तपकिरी थर राहू दे, तो जुनेपणाचा आहे. लाकडाला अळशीचं तेल, बोटाने चोळून, जादा पुसून टाक. गोणपाट फेकून दे, आपल्या पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. चामड्याचं कव्हर पण नको. आणि हौस म्हणून बार काढू नको, आजची दारू तर नाहीच नाही, या नळ्या तसल्या प्रेशरसाठी केलेल्या नसतात.

वाळपईकर:
पोलिस सकाळी येतायत. ताई, मुंबईला दोन आत्या आहेत, त्यांची पण सही लागेल का?

डिचोलीची_वकीलताई:
बंदूक बाबांच्या लायसनवर होती ना, मग बाबांचे वारस आधी, म्हणजे आई आणि तुम्ही भावंडं. त्यांची ना-हरकत आणि बाबांचा मृत्यू दाखला तयार ठेवा. आत्यांचं विचाराल तर पणजोबांच्या मालमत्तेची वाटणी झालीय का त्यावर आहे, ते कागद घेऊन या, मग सांगते. बाबांचं मूळ लायसन पोलिसांना देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.